झावळ्यांखालची मोटार

घिवली, २० ऑगस्ट १९६६

चि. सौ. राहीबाईस हिरामावशीचे आशीर्वाद.

मुंबईच्या इस्पितळातून तुम्ही परस्पर गावी गेलात त्याला आठ दिवस झाले. पोचल्याचं कार्ड आलं नाही, म्हणून मीच लिहिते.

आधी सगळ्यांची खबर कळव. तुझ्या सासूबाईंचा, साखरबाईंचा, दमा कसा आहे? गेल्या दिवाळीत इथे राहिल्या तेव्हा खाऱ्या वाऱ्यानं छाती मोकळी झाली म्हणत होत्या. तिकडच्या धुळीत पुन्हा उचल खाल्ली नाही ना? तुझे दीर चंद्रभान बरे आहेत ना, आणि त्यांच्या तांबड्या बैलाचा सुजलेला खांदा उतरला का? चंद्रभानभाऊ, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हाला सांगते. माझं अक्षर म्हणजे ओल्या वाळूवरून खेकडा गेल्यासारखं. शाळेची पायरी चढले नाही, बोंबील बांधायच्या रद्दीवर एकेक अक्षर लावत शिकले. अडलं तर अंदाजानं पुढे जा, पण गाळू काही नका.

चिमी कशी आहे? तिचा शिंपल्यांचा डबा इथेच राहिला. आमच्या मोटारीचा हॉर्न बदकासारखा वाजतो म्हणून अंगणभर 'प्यँ प्यँ' करत फिरायची, ते अजून करते का?

तुझ्या नवऱ्याचं, आनंदाचं, शेवटी विचारते. विसरले म्हणून नव्हे. गुडघ्याखालची जखम सुकली का? डॉक्टर म्हणाले होते, नसलेल्या पावलाला खाज सुटते, घाबरायचं नाही. तसं होतं का? जेवतो का? बोलतो का? आणि मी शिकवलेली सही विसरला नाही ना? 'आनंदा'तला 'द' काढताना त्याची पेन्सिल मोडायची. म्हणायचा, "मावशी, सळया बांधणं सोपं, हे अक्षर वाकत नाही." त्याला म्हणावं, रिकामपणी गिरवत राहा.

इथे सगळं ठीक. ठीक म्हणजे चूल पेटते. सुनेला, मंजुळेला, सहावा महिना लागला. माझा पोरगा कमळाकांत घरात कोणाशी बोलत नाही. तुमची भाड्याची खोली झाडून ठेवली आहे, जातं होतं तिथेच आहे. तू पहिल्यांदा राहायला आलीस तेव्हा वाळत्या मासळीच्या वासानं पदर नाकावर धरून तीन दिवस जेवली नव्हतीस, आणि चौथ्या दिवशी भाकरीवर भाजलेला बोंबील मागून घेतलास, ते मंजुळा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

आता त्या रविवारचं. सालवडच्या वळणावर आनंदा आमच्या मोटारीखाली आला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कमळाकांतनं घाई केली गं. तरणं रक्त, चिखलाचा रस्ता. मी बाईमाणूस शेजारी बसून काय करणार?

विम्याच्या कंपनीचं अजून उत्तर नाही. मोठी कंपनी, तिथे कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला वेळ लागतो. तोवर चाळीस रुपयांची मनिऑर्डर केली आहे. विम्याचेच आगाऊ समज आणि घे. आणि कोणी विचारलंच तर पालघरच्या डॉक्टरांना सांगितलं तेच सांगत राहा, की सायकल घसरली आणि पाय बैलगाडीच्या चाकाखाली गेला. मध्ये पोलीस आले की विम्याचं काम अडतं, हे मी तुला इस्पितळात बोललेच आहे.

उत्तर पाठव. साधं कार्ड चालेल.

तुझी
हिरामावशी

*

घिवली, ३१ ऑगस्ट १९६६

चि. सौ. राहीबाईस आशीर्वाद.

चंद्रभानभाऊंचं कार्ड परवा पोचलं आणि काल मनिऑर्डर परत आली. पोस्टमन म्हणाला, "हिराबाय, घेनारीनं नाय म्हटलं." मी म्हटलं, पत्ता चुकला असेल. तो म्हणाला, "पत्ता बरोबर हाय. माणसानंच नाय म्हटलं." शेजारची रत्नाबाई जाळं सांधत बसली होती, तिनं ऐकलं. आता गावभर झालं असेल.

भाऊंनी विचारलं आहे की कंपनीचं नाव काय, विम्याच्या कागदाचा नंबर काय, कारण तुमच्या गावचे मास्तर म्हणतात नंबरावाचून कोणी दाद देत नाही. बरोबर आहे मास्तरांचं. नंबर कागदावर आहे. कागद पेटीत आहे. पेटीची किल्ली कमळाकांतच्या करगोट्याला असते आणि तो काल होडी घेऊन बाहेर गेला, चार दिवसांनी येईल. आला की कळवते.

काल नारळी पुनव झाली. यंदा अधिक श्रावण आल्यानं होड्या महिनाभर जास्त पडून राहिल्या. तुला आमची रीत ठाऊक आहे. पावसाळा आला की होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, आणि नारळ वाहिल्याशिवाय त्यांना पाण्याला लावायचं नाही. बोर्डीच्या पारशीबावाकडून ही जुनी मोटार घेतली तेव्हापासून तिलाही तसंच करते. ज्येष्ठात आवारात उभी करून झावळ्या घालायच्या, पुनवेला नारळ फोडून बाहेर काढायची. काल सगळे म्हणाले, मोटारीला हळदकुंकू लाव. मी गेले नाही. मंजुळेनं लावलं.

भाऊंच्या कार्डाच्या खाली तुझी एक ओळ आहे. "मावशीला विचारा, चिमीच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं ना." आणि त्याखाली, चिमीला पाच दिवस ताप आहे.

पाच दिवस ताप म्हणजे काय? खोकला आहे का? अंगावर काही उठलं आहे का? डॉक्टरला दाखवलं का? मला बाकी काही कळवू नका, चिमीचं कळवा. एका ओळीत कळवा. परतीचं कार्ड पत्ता घालून याच पाकिटात ठेवलं आहे.

हिरामावशी

*

घिवली, ६ सप्टेंबर १९६६

राहीबाई,

आज मायना लिहायला हात उठत नाही. कोणत्या तोंडानं आशीर्वाद देऊ?

चिमीचा ताप उतरल्याचं कार्ड काल आलं. वाचून मी उंबऱ्यावरच बसले. देवाला हात जोडले. आणि हात जोडलेले असतानाच मनात आलं, पोरगी बरी झाली, आता नाही सांगितलं तरी चालेल. राहीबाई, असं माझ्या मनात आलं. माझी मलाच शिसारी आली. उठले आणि वही घेतली.

मोटारीला विमा नाही.

कंपनीला कागद गेलेला नाही, म्हणून उत्तर यायचं नाही. चाळीस रुपये माझ्या गाठीचे होते. पेटीची किल्ली कमळाकांतकडे नसते, माझ्याच कमरेला असते, हे तुलाही ठाऊक आहे. तू दोन वर्षं माझ्या घरात राहिलीस. तरी मी तसं लिहिलं आणि तू काय म्हणशील याचा विचारही केला नाही.

आता चंद्रभानभाऊ, हात जोडून सांगते, इथून पुढे आवाज खाली आणू नका आणि एक ओळही सोडू नका. आनंदालाही समोर बसवा.

विमा होता. गेल्या साली घेतला होता, तो यंदा दहा जूनला सरला. मोटार तेव्हा झावळ्यांखाली होती. ठाण्याच्या मोटार ऑफिसात मी दर साली अर्ज देते की पावसाळ्याचे महिने मोटार वापरात नाही, आणि तेवढ्या महिन्यांचा कर ते घेत नाहीत. मी म्हटलं, सरकारच म्हणतं मोटार झोपली आहे, तर झोपलेल्या मोटारीला विमा कशाला? होडीला पावसात कोण वल्हं लावतं? नारळी पुनवेला नवा काढू. त्यात अधिक महिना, म्हणजे आणखी एका महिन्याची बचत. हे मी हसत हसत सांगत होते, तूही ऐकलं असशील.

कागद इंग्रजीत आहे, पण आकडे मला वाचता येतात. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

मग आषाढी अमावस्येचा रविवार आला. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणजे बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीवर उड्या पडणार. आमची एसटी सकाळपासून आली नव्हती, ओढ्याला पाणी होतं. घरात सात टोपल्या बोंबील. मी कमळाकांतला म्हटलं, "काढ मोटार."

तो म्हणाला, "आये, विमा सरलाय. तारीक बघ."

मी म्हटलं, "एकच फेरी. जायाचं नि यायाचं. पोलीस काय पावसात उभा ऱ्हायलाय तुझी वाट बघत?"

"आणि काय झालं म्हंजे?"

"बोलू नको अशुभ. माझी मोटार, मोडली तर मी बघीन."

असं बोलले मी. आनंदाला बांधकामावरून रविवारची सुट्टी होती. मोटारीवरच्या झावळ्या त्यानंच काढल्या, आठवतं? एक विंचू निघाला तो त्यानं चपलेनं मारला आणि म्हणाला, "मावशी, तुझ्या मोटारीचा राखणदार गेला." त्यालाही बोईसरला जायचं होतं, चिमीला दप्तर आणायला. तू दारातून म्हणालीस, "मावशी, ह्यांना घ्या की गाडीत. पावसानं धरलंय." आणि मी म्हटलं, "जागा नाय गं. तो काय मीठ हाय इरघळायला? जाईल सायकलीवर." तुम्ही सगळे हसलात. आनंदाही हसला.

जागा होती, राहीबाई. मागच्या बाकावर एका माणसाची जागा होती. तिथे मी उरलेल्या दोन टोपल्या ठेवल्या.

तो अर्धा तास आधी निघाला. आम्ही सालवडच्या वळणाला आलो तेव्हा पुढे सायकल दिसली, डोक्यावर गोणपाटाची खोळ. कमळाकांत म्हणाला, "आनंदादादा हाय, दमानं घेतो." घाई त्यानं केली नाही. पहिल्या पत्रात मी पोटच्या पोरावर ढकललं. मी म्हटलं, "हॉर्न वाजव नि काढ पुढं, बाजार उठंल." त्यानं हॉर्न वाजवला. तो बदकाचा आवाज ऐकून आनंदानं मागे वळून बघितलं. आमची मोटार ओळखली आणि हसला. हसतच सायकल बाजूला घेत होता. तेवढ्यात कमळाकांतनं ब्रेक दाबला आणि मोटार चिखलावरून घसरत आडवी त्याच्या अंगावर गेली.

पुढचं तुला ठाऊक आहे. त्यातलं एक ठाऊक नाही. टोपल्या रस्त्यावर टाकून आनंदाला मागच्या बाकावर घेतलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बोईसरच्या चौकीशी कमळाकांतनं मोटार हळू केली. म्हणाला, "आये, इथं सांगून जाऊ, मग पालघरला." मी म्हटलं, "मंजुळेच्या पोटाकडं बघ. तुरुंगात जायाचंय? चल." मोटार मीच पुढे न्यायला लावली. बैलगाडीची गोष्टही पालघर येईपर्यंत मीच रचली. मग तू चिमीला कडेवर घेऊन आलीस. तुला खोटं बोलायला लावायचं होतं, म्हणून विम्याचं आमिष दाखवलं, आणि तू मान हलवेनास म्हणून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. तू लगेच हो म्हणालीस. तुला वाटलं, मावशी पोरीवर हात ठेवून खोटं बोलायची नाही.

आता इतक्या दिवसांनी हे का सांगते, तेही ऐक.

शुक्रवारी मी पालघरला विम्याच्या एजंटाकडे गेले. नवा विमा काढायला गेले असं घरी सांगितलं. तिथे त्यांना विचारलं, "साहेब, कागद जूनच्या तारखेचा मिळेल का?"

त्यांनी लिहिता लिहिता टाक खाली ठेवला. चष्मा काढला. म्हणाले, "आजी, कोणाला लागलंय?"

मी पदर तोंडाला लावला. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाले, "मागच्या तारखेचा विमा नसतो. आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही वाटतं, कायद्यानं जो विमा सक्तीचा केलाय तो तुमच्या मोटारीसाठी नाहीच. मोटार मोडली, जळाली, कायद्याला त्याचं काही नाही. तो रस्त्यावरच्या परक्या माणसासाठी आहे. तुमच्या चाकाखाली त्याचा हातपाय गेला, तर त्याला भरपाई मिळावी, मालकाकडे असो नसो."

मी म्हटलं, "पण मोटार चार महिने बंदच असते."

"दारात उभी आहे तोवर राहू दे की. चाक रस्त्याला लागलं, त्या घडीला विमा चालू पाहिजे. एक फेरी असो नाहीतर शंभर. चालवणाऱ्याला आणि चालवायला लावणाऱ्यालाही शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. आणि भरपाई चुकत नाही. कंपनी नाही तर मालकानं द्यायची, घरदार विकून."

मी माझी मोटार, माझी मोटार करत होते. कागद तर आनंदाचा होता. त्याच्या वाटचा कागद मी बचतीत घातला.

उठताना त्यांनी विचारलं, "किती तारखेला झालं?" मी सांगितलं. त्यांनी बोटं मोजली. "त्या माणसाला म्हणावं, साठ दिवसांत ठाण्याला अर्ज कर. मोटार अपघातांच्या भरपाईचं वेगळं कोर्ट आहे. साठ दिवस टळले तर उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं, आणि ते पटलं नाही तर हातात काही नाही."

साठावा दिवस पंधरा सप्टेंबर, गुरुवार. आजपर्यंत तुम्ही विम्याच्या उत्तराची वाट बघत बसलात ती माझ्या खोटेपणावर. आणि शुक्रवारी हे सगळं कळूनही मी आणखी तीन दिवस गप्प बसले, चिमीच्या कार्डाची वाट बघत.

उद्या सकाळी चंद्रभानभाऊंच्या नावानं तार करते. पत्राआधी ती पोचेल. तारेत एवढंच आहे, "पंधराच्या आत ठाणे. सर्व खरे पत्रात." आनंदाला न्यायची तयारी करा.

हिरा

*

घिवली, १० सप्टेंबर १९६६

चि. सौ. राहीबाईस,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. कमळाकांत घेऊन येतो आहे. तो तुमच्या दारात उभा असेल तेव्हा त्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं ते तू ठरव. पाणी दे असं मी म्हणणार नाही. पण पत्र आधी वाचून घ्या, कारण तो स्वतः तोंडानं काही सांगणार नाही. जाताना मी विचारलं, काय बोलशील? म्हणाला, "काय बोलू? पाय धरीन."

मागचं पत्र टाकून आले तेव्हा त्याला सांगितलं की मी सगळं लिहिलं. मला वाटलं ओरडेल. तो दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशेजारी बसून जेवला.

गुरुवारी आम्ही दोघं आधी बोईसरच्या चौकीवर गेलो. त्या दिवशी जिथे थांबलो नाही तिथे. हवालदार वहीत रेघा ओढत बसला होता. मी सांगितलं तसं त्याचं तोंड उघडंच राहिलं. म्हणाला, "बाई, पावणेदोन महिन्यांनी आठवण झाली?"

मी म्हटलं, "आठवण रोजची होती. तोंड नव्हतं."

"बैलगाडी होती असं पालघरच्या कागदात आहे."

"बैलगाडी नव्हती. बैल नव्हते. मी होते."

त्यानं कमळाकांतकडे बघून मान हलवली. "तुझी आई अशीच आहे का रे?" कमळाकांत म्हणाला, "पयले नव्हती." मग त्यांनी दोघांचे जबाब घेतले. मी पेटीतला विम्याचा कागद काढून दिला, दहा जून दिसेल असा वर करून. खटला उभा राहील, बोलावणं येईल तेव्हा हजर राहायचं आहे. मोटार त्यांनी काल घरी येऊन जप्त केली. चालू होत नव्हती, तर चार शिपायांनी ढकलत आवाराबाहेर काढली. झावळ्यांचा एक तुकडा टपावर तसाच होता.

गुरुवारीच चौकीवरून पुढे पालघरला वकिलाकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून विचारलं, "तुम्ही जखमी माणसाच्या कोण?" म्हटलं, "मोटारीची मालकीण." ते हसायला लागले. "म्हणजे स्वतःवर अर्ज लिहून घ्यायला आलात? बाई, मला असं करता येत नाही. तुम्ही समोरच्या पक्षाच्या." पण माणूस चांगला. ठाण्याच्या दुसऱ्या वकिलाचं नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ती कमळाकांतजवळ आहे. ते तुमच्या बाजूचे राहतील. त्यांच्याशी माझं काही बोलणं नाही, होणारही नाही. आणि रस्त्यात खोळंबा होऊन पंधरा तारीख टळलीच, तर उशीर कोणामुळे झाला हे सांगायला मी कोर्टात येईन. त्या दिवशी कैदेत असले तरी तिथूनच बोलवा म्हणावं.

भरपाई किती ते कोर्ट ठरवेल. माझी होडी आहे, घर आहे, ते माझ्या नावावर आहे, आणि मी ते कोणाच्या नावावर करणार नाही. रत्नाबाई काल शहाणपण शिकवायला आली होती, "सगळं पोराच्या नावावर कर, कोर्ट काय घेनार?" तिला म्हटलं, बाई, मी एकदाच बचत केली, पुरे झाली. मंजुळा रडते आहे. तिचं रडणं खरं आहे, तिच्या पोटातल्या जिवाचा यात काय दोष? पण चिमीचाही नव्हता.

आनंदाला उचलून न्यायला कमळाकांत आहे. एसटीत, गाडीत, जिन्यावर, जिथे लागेल तिथे त्याच्या खांद्यावर हात टाकायला सांग. आनंदाला त्याचा राग येत असेल तर खांद्यावर बसून शिव्या दे म्हणावं, पण खाली उतरू नको.

आता शेवटची गोष्ट, ती आनंदाला मोठ्यानं वाचून दाखवा.

आनंदा, बाबा, अर्जावर सही लागेल. पालघरच्या वकिलानं विचारलं होतं, अंगठा की सही? मी म्हटलं, सही, मी शिकवली आहे. मोठ्या ताठ मानेनं म्हटलं, आणि मग लक्षात आलं की ती सही कोणावर होणार आहे. कागदावर वर माझं नाव असेल, श्रीमती हिराबाई अमुकतमुक, हिच्याकडून भरपाई मिळावी. ते तुला वाचून दाखवतील. ऐकून तुझा हात आखडेल, मी तुला ओळखते. माझ्या ओट्यावर बसून माझ्या हातचं खाल्लं आहेस, ते तुला आठवेल. ते आठवू नकोस. दोन टोपल्या आठव. मग सावकाश लिही, 'द' नीट वाकव, घाई करू नको, पेन्सिल नाही तिथे, टाक असतो, दाबून लिहिलं तर फुटतो.

राहीबाई, चिमीचा शिंपल्यांचा डबा कमळाकांतबरोबर दिला आहे. तो मात्र परत पाठवू नकोस.

मी चिमीच्या डोक्यावर हात ठेवला होता तो मला उचलता आलेला नाही. पुन्हा कधी हात ठेवू देशील की नाही, हे मी विचारत नाही.

उत्तर कमळाकांतच्या हाती दे, नाहीतर ठाण्याहून टाक. आधी सही, मग उत्तर. चार शिव्या लिहिल्यास तरी चालतील, चंद्रभानभाऊंना म्हणावं जशाच्या तशा उतरवा. पण लिही. लवकर लिही, पोस्टमन आमच्या गल्लीत साडेअकराला येतो आणि मी अकरापासून उंबऱ्यात असते.

हिरामावशी